बारा ताटं आणि एक शिधा

चोवीस डिसेंबर. काल भिजवलेले तांदूळ सकाळी उपसून पंच्यावर पसरले. ते दमट असतानाच दळून घ्यायचे, म्हणून ऑफिसातून अर्धी रजा घेतली. अरसा करायचा आहे. आपल्या अनारशाचाच हा छत्तीसगढी भाऊबंद, फक्त ह्याचे तांदूळ तीन दिवस नाही, एकच दिवस भिजतात, आणि पीठ गुळाच्या गरम पाकात घालतात. पाक जास्त शिजला तर अरसा दगडासारखा होतो, कमी शिजला तर तेलात विरघळतो. हे मला शेजारच्या मिंज दीदींनी शिकवलं. मिंज दीदी पाच आठवड्यांपूर्वी गेल्या.

बातमी आली तेव्हा मी स्टाफ बसमध्ये होते, नवा रायपूरच्या वाटेवर. नवऱ्याचा फोन आला. "दीदी गेली. दूधवाला दार वाजवून राहिला, तर उठलीच नाही." बस मध्येच थांबत नाही, म्हणून ऑफिसात पोचले, आवक-जावकचं काम शेजारच्या टेबलावर सोपवलं आणि परत रस्त्यावर येऊन उभी राहिले. तिथले रस्ते इतके रुंद, की पलीकडे उभा असलेला माणूस ओळखू येत नाही. परतीची बस तासाभरानं. त्या तासात मला रडू आलं नाही. डोक्यात एकच होतं... ती ताटं वाटायची राहिली. पाच वर्षांपूर्वी राहिली होती, ती माझ्यामुळे.

राज्य नवीन झालं तेव्हा नवऱ्याची नेमणूक भोपाळहून रायपूरला झाली आणि आम्ही हाउसिंग बोर्डाच्या ह्या कॉलनीत आलो. नळाला पाणी नव्हतं, सासूबाईंना न्यूमोनिया झाला होता आणि मला गावात कोणी ओळखत नव्हतं. शेजारी मिंज दीदी राहायच्या, जशपूरकडच्या, सरकारी दवाखान्यात नर्स, एकट्या. ड्यूटीवर जाण्याआधी त्या रोज येऊन इंजेक्शन द्यायच्या. सासूबाईंचं सोवळं कडक. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "सुई चालते. हात नको लावू म्हणा तिले." हे मी हिंदीत कसंबसं सांगितलं. दीदी हसल्या. "माताजी, फिर सुई को कौन पकड़ेगा?" दहा दिवस त्यांनी इंजेक्शनं दिली आणि दहाही दिवस सासूबाईंनी नंतर दंड ओल्या फडक्यानं पुसला, त्यांच्यासमोरच.

त्या डिसेंबरात नाताळला दीदींनी गल्लीतल्या प्रत्येक घरी ताट पाठवलं. स्टीलचं ताट, वर क्रोशाचा रुमाल, आत अरसा, नमकीन आणि केक. सासूबाईंनी ताट बोटानं सरकवलं. "तुम्ही खा. मले नाही चालत दुसरीकडचं शिजलेलं." दीदी दारातच उभ्या होत्या. मराठी येत नव्हतं, पण बोट सरकलेलं त्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षी बारा घरी बारा ताटं गेली आणि आमच्याकडे दीदी सूप घेऊन आल्या. सुपात तांदूळ, गुळाची ढेप, नारळ, वाटीभर तीळ. "माताजी, कच्चा है. ये तो चलेगा?" सासूबाईंनी सुपाकडे पाहिलं, मग दीदींकडे. "शिधा चालते," म्हणाल्या. दुपारी त्यांनी स्वतः अनारसे केले आणि सूप रिकामं परत जायला नको म्हणून चार त्यात घालून माझ्या हाती पाठवले. ते वर्षानुवर्षं चाललं. नाताळच्या सकाळी सासूबाई आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून शिध्याची वाट पाहायच्या. दीदींच्या हातचं कधी खाल्लं नाही. दीदींनी कधी आग्रह केला नाही.

पाच वर्षांपूर्वी डिसेंबरात कॉलनीच्या मोबाइल ग्रुपवर एक मेसेज फिरला. नाव नव्हतं, पण नाताळची ताटं घेऊ नका, आधी मिठाई येते आणि मग धरम बदलायला लावतात, असं लिहिलं होतं. गल्लीत ताटं एकच बाई वाटायची. दोन दिवस सगळे गप्प. मग समितीचे अध्यक्ष दुबेजी आमच्याकडे आले. माणूस वाईट नाही, घाबरलेला होता. "भाभीजी, माहौल ठीक नहीं है. बाहर के लड़के आ गए तो हम किसको रोकेंगे? आप पड़ोसी हैं, दीदी को समझा दीजिए." नवरा म्हणाला, "तू काहून मधात पडतेस?" पण मला ते शहाणपणाचं वाटलं. एक वर्ष ताटं नाही वाटली तर काय बिघडतं? बाई एकटी राहते. काचा फुटल्या तर भरून कोण देणार? मी गेले आणि सांगितलं. दीदी गुळाची ढेप फोडत होत्या. फोडायच्या थांबल्या. "तुम्हारे घर भी नहीं, वंदना?"

मी म्हटलं, "इस साल नहीं दीदी."

त्यांनी मान हलवली. "हव," म्हणाल्या, आणि पुन्हा गूळ फोडायला लागल्या.

हे मी सासूबाईंना सांगितलं नव्हतं. नाताळच्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले. त्या धुतलेल्या पातळात बसलेल्या. "मिंजबाई काहून नाही आली अजून?" मी कणीक मळत होते. तोंडाला आलं ते सांगून टाकलं, "बरं नाही त्यांना. ताप आहे." मला वाटलं, विषय संपला. सासूबाईंनी काठी घेतली. "मंग मले जा लागते. दहा दिवस आली ते माह्यासाठी."

आमच्या दारापासून दीदींच्या दारापर्यंत वीस पावलं. कोपऱ्यावर उन्हात दुबेजी आणि तिघं खुर्च्या टाकून बसले होते. बोलत होते, ते थांबले. सासूबाईंना नीट दिसत नव्हतं, मला सगळं दिसत होतं. एका मोटरसायकलवर दोन अनोळखी पोरं बसलेली, गाडी चालूच. मी सासूबाईंचा दंड धरला, त्यांनी सोडवून घेतला आणि काठीनं दीदींचं फाटक वाजवलं.

दीदींनी दार उघडलं. चर्चची पांढरी साडी, केसांना तेल, ताप कशाचा. मागे टेबलावर बारा ताटं मांडलेली, बाराही रुमालांनी झाकलेली, बाजूला सूप. कुठे जाणार नाहीत हे माहीत असून त्यांनी सगळं केलं होतं.

"बरं नाही म्हणे तुले," सासूबाई म्हणाल्या. "ताप आहे म्हणून सांगते ही."

दीदींनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांना मराठी पुरेसं कळायला लागलं होतं. एका वाक्यात त्या मला उघडी पाडू शकत होत्या, सासूबाईंसमोर आणि मागे कान देऊन बसलेल्या चौघांसमोर. मी वाट पाहत उभी राहिले.

"हाँ माताजी," दीदी म्हणाल्या, "सुबह बुखार था. अब उतर गया."

सासूबाईंनी हात वर केला आणि दीदींच्या कपाळावर ठेवला. जिचा हात दहा दिवस पुसून काढला, तिच्या कपाळावर. "नाही आता," त्या म्हणाल्या. मग टेबलाकडे वळल्या. "हे ताटं काहून पडून आहेत? वंदना, उचल. वाटून ये."

मी दोन ताटं उचललीही. वळले. दुबेजी बघत होते, मोटरसायकल अजून तिथेच होती. माझे पाय उंबरठ्याच्या आत राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही... दीदींनी माझ्या हातातून ताटं काढून घेतली. "रहने दो. मैं शाम को भेज दूँगी." सूप तेवढं दिलं. आम्ही वीस पावलं परत आलो. त्या दिवशी सासूबाईंनी पुन्हा आंघोळ केली नाही.

संध्याकाळी दीदींनी बाराही ताटं ऑटोत घालून दवाखान्याच्या वॉर्डात नेली. पुढच्या वर्षांत माहौल निवळला, मेसेज लोक विसरले, पण त्यांनी गल्लीत परत ताटं फिरवली नाहीत. आमचा शिधा मागच्या भिंतीवरून द्यायच्या. सासूबाई गेल्यावरही. खोट्या तापाबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही नाही. दरवर्षी वाटायचं, पुढच्या नाताळला मीच म्हणेन, चला दीदी, मी येते बरोबर.

त्यांचा भाचा घर रिकामं करायला जशपूरहून आला होता. म्हणाला, "आंटी, कुछ रखना है आपको?" मी ताटं मागितली. ती ज्या कपाटात होती त्याच्या दाराला आतून वहीचं पान चिकटवलेलं होतं, दीदींच्या अक्षरात. घर क्रमांक आठ, अंडा नहीं. अकरा, दाँत नहीं हैं, नरम वाला. आमच्यापुढे, कच्चा. 'कच्चा' खोडलं नव्हतं. दुबेजींपुढे आधी निळ्या शाईत, तिल नहीं, बच्ची को खुजली. त्याखाली काळ्या शाईत, अब शुगर है, गुड़ कम. दुबेजींना साखरेचा आजार निघून दोनच वर्षं झालीत. म्हणजे ताटं बंद झाल्यावरही त्या यादी दुरुस्त करत होत्या.

ते पान आता माझ्या ओट्यासमोर आहे. दुबेजींचा पाक वेगळा केला. पहिला घाणा विरघळला, दुसरा जमला.

पंचवीस तारखेला सकाळी नऊ वाजता मी पुढच्या दारानं निघाले. दुबेजी उन्हात खुर्चीवर होते. त्यांचं ताट आधी दिलं.

"ये क्या है, भाभीजी?"

"मिंज दीदी का है. गुड़ कम है, तिल नहीं है."

त्यांनी रुमाल उचलून पाहिलं. पुन्हा झाकलं. ताट मांडीवर तसंच धरून बसले. मी थांबले नाही. अकरा ताटं उरली होती आणि एका वेळी दोनच नेता येत होती, त्यामुळे त्यांच्या खुर्चीसमोरून मला अजून सहा वेळा जायचं होतं.