त्या दिवशी न मागितलेला पासवर्ड

निवृत्त झाल्यापासून संगणकाला हात लावतो तो वीजबिल भरण्यापुरता. पण ब्राउझर उघडल्यावर पासवर्ड मागणारी ती लहानशी चौकट समोर आली, की धुळे तालुक्यातलं एक गाव आणि तिथला एक बाप आजही माझ्यापुढे येऊन उभे राहतात. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, ते मागे पडले. हे प्रकरण मागे पडलं नाही.

तेव्हा मी जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल बघत होतो, तेवढ्यात फोन आला. पलीकडच्यानं नाव सांगितलं नाही. ‘‘सायेब, पोरनी औषध लिधं. केंद्रवालानी तिना फॉर्म बदली टाका. त्याले धरा,’’ एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. थोड्याच वेळात सिव्हिल हॉस्पिटलच्या चौकीतूनही खबर आली. नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलगी, कापसावर फवारायचं औषध पोटात, प्रकृती गंभीर.

मी पथक घेऊन गावात पोहोचलो तोवर गावानं निकाल देऊन टाकला होता. ऑनलाइन सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणाला दुकानातून ओढून बेदम मारलं होतं. त्याचा उजवा हात मोडला होता, दुकानातला स्क्रीन फोडला होता. मारणारे कोण, म्हणून विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जमाव हा नेहमी दुसऱ्यांचाच असतो. त्यात भरीला अफवा. त्याचं तिच्यावर एकतर्फी प्रेम होतं, तिनं नाही म्हटलं, त्यानं सूड उगवला. गावाला अशी गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात पुरावा लागत नाही.

शुद्धीवर आल्यावर मुलीचं म्हणणं मात्र सरळ होतं. अभियांत्रिकी प्रवेशासाठी तिनं केंद्रावर बसून कॉलेजांचा पसंतीक्रम भरला होता. पहिलं पुण्याचं सरकारी कॉलेज, मग आणखी काही, आणि सगळ्यात खाली घराजवळचं एक खासगी. गुण असे की पुणं मिळणारच होतं. निकाल लागला तेव्हा घराजवळचं कॉलेज मिळालेलं, तेही पहिल्या पसंतीचं म्हणून. पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेरीची वाट बंद होते. मुदत संपायच्या आदल्या दुपारी कुणीतरी तिच्या नावानं आत शिरून क्रम उलटा केला होता. त्या काळी त्यासाठी लॉगिन पुरत होतं, मोबाइलवर ओटीपीचे आकडे येत नसत.

आम्ही रीतसर पत्रव्यवहार केला. उत्तर आलं, की बदल केंद्राच्याच संगणकावरून झालाय.

आमच्या धंद्यात पहिला संशय किल्ली ज्याच्या हाती त्याच्यावर. खासगी कॉलेजवाले मुलं आणून देणाऱ्यांना खूश ठेवतात, हेही मला माहीत होतं. मी वॉर्डात जाऊन त्या तरुणाला फैलावर घेतलं. हाताला प्लास्टर, ओठ फाटलेला, तरी तो उठून बसायला बघत होता.

‘‘गावातल्या सगळ्या पोरांचे पासवर्ड तुझ्या मशीनमध्ये कसे?’’

‘‘लोक विसरतात, साहेब. मग मलाच बोल लावतात. म्हणून ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवतो. पण उघडे नाही ठेवले. वर मास्टर पासवर्ड टाकलाय. तो टाकल्याशिवाय त्यातला एकही पासवर्ड भरला जात नाही.’’

‘‘तो कुणाला माहीत आहे?’’

‘‘फक्त मला.’’

माझ्याबरोबरच्या हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या गळ्यात दोरी घालणारा आरोपी आम्ही क्वचित बघतो.

‘‘म्हणजे तूच बदललास.’’

‘‘नाही, साहेब. मी रोज दुपारी आईला भरवायला घरी जातो. ती अंथरुणावर आहे.’’

‘‘आणि दुकान?’’

‘‘उघडंच असतं. ओट्यावर बसलेलं कुणीतरी आत येऊन बसतं. गिऱ्हाईक परत जायला नको, म्हणून.’’

‘‘त्या दुपारी कोण बसलं होतं?’’

इथे तो थांबला. मी आवाज चढवून पाहिला, मग समजुतीनं घेतलं. हवालदारांनी चहा पाजला. तो ढिम्म. ‘‘आठवत नाही,’’ एवढंच. निघताना मात्र त्यानं उलट मलाच विचारलं, ‘‘साहेब, ती बरी झाली की कुठे जाणार?’’

मी चिडून म्हटलं, ‘‘घरी जाईल, आणखी कुठे? तू तुझं बघ.’’

खरं सांगायचं, तर खोटं बोलणारा माणूस एवढा गप्प राहत नाही. तो दुसऱ्याचं नाव घेतो. याच्यापुढे तर नाव घ्यायची आयती संधी होती. मला हे खटकलं, आणि मी दुकानात पुन्हा पंचनामा करायचं ठरवलं.

डिस्कची प्रत आधीच काढून घेतली होती. फुटलेल्या स्क्रीनच्या जागी ठाण्यातला स्क्रीन नेला. दोन पंच, आमचा तांत्रिक अंमलदार आणि मुलीचे वडील अशी आम्ही माणसं. अर्ज भरताना ते मुलीशेजारी बसले होते, म्हणून त्यांना बोलावलं होतं. पन्नाशीचा, अंगानं वाळलेला, बायको वारलेला माणूस. स्वतःच्या शेतात राबणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गावात सगळे त्यांना नाना म्हणत. पहिल्या दिवशी लोक केंद्रचालकाला शिव्या देत होते, तेव्हा सिव्हिलमधून पैसे न्यायला गावात आलेले हे टोपी हातात घेऊन नुसते बघत उभे होते. मला वाटलं, दुःखानं वाचा गेली.

‘‘तुम्हाला संगणक येतो का, नाना?’’ मी आपलं सहज विचारलं.

‘‘नही, सायेब. माले त्यामा काही समजस नही. मी कधी हात बी लाया नही.’’

अंमलदारानं मशीन सुरू केलं, ब्राउझर उघडला, प्रवेशाचं संकेतस्थळ लावलं आणि नावाच्या रकान्यात टिचकी मारली. ताबडतोब एक चौकट पुढे आली. मास्टर पासवर्ड टाका. अंमलदार थांबला. आणि माझ्या खांद्यामागून नानांचा आवाज आला.

‘‘आते हाई काय मांगी ऱ्हायनं? त्या दिन तं काहीच मांगं नव्हतं.’’

पंचांना काही उमगलं नव्हतं. मला उमगलं होतं.

केंद्रचालक मास्टर पासवर्ड सकाळी एकदाच टाकायचा. ब्राउझर बंद होईपर्यंत तो पुन्हा मागितला जात नाही. गिऱ्हाईक यायच्या आत ती चौकट येऊन गेलेली असे, त्यामुळे गावात कुणी ती पाहिलीच नव्हती. नाव निवडलं की पासवर्डाचे ठिपके आपोआप भरले जातात, एवढंच त्यांना दिसे. मुलीबरोबर बसले तेव्हाही नानांनी तेवढंच पाहिलं होतं. पण मशीननं काय मागितलं याचा हिशेब शेजारी बसून बघणारा ठेवत नाही, खुर्चीत बसणारा ठेवतो. मी वळलो.

‘‘कोणत्या दिवशी, नाना?’’

त्यांच्या हातातली टोपी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही.

जबाब मी ठाण्यात नेऊन नोंदवला. रडारड झाली नाही. अडखळत, जमिनीकडे बघत ते बोलत होते.

‘‘मी काहीच खोडं नही, सायेब. वरलं खाले करं, खाललं वर. पोर जोडे ऱ्हाई, इतलंच मनमा व्हतं. तिले माय नही. पुनाले गई म्हंजे गई.’’

मुलगी जवळ राहावी, एवढंच मनात होतं म्हणे. माझाही क्षणभर जीव हलला. मग मोडलेला हात आठवला.

‘‘त्या पोराला मारत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?’’

‘‘तठेच व्हतू.’’

‘‘मग सांगितलं का नाही?’’

‘‘तोंडच उघडनं नही, सायेब.’’

तोंड उघडलं नाही असंही नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी आलेला निनावी फोन त्यांचाच होता, हे त्यांनी जबाबातच कबूल केलं. मुलगी सिव्हिलच्या आत मरणाशी झगडत होती आणि बाहेर हा माणूस दुसऱ्याचा मोबाइल मागून घेऊन मला केंद्रचालकाला धरायला सांगत होता. मला संताप आला तो या फोनचा. पसंतीक्रम बदलला ती माया म्हणू, वेडी म्हणू. फोनला काय म्हणणार?

केंद्रचालकाला जाऊन सांगितलं तेव्हा तो भिंतीकडे बघत म्हणाला, ‘‘मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खुर्चीत त्यांनाच बसवून गेलो होतो. पण त्यांचं नाव घेतलं असतं, तर तिला घर कुठलं उरलं असतं?’’ त्यानं पुढे ते दुकान उघडलं नाही. हात नीट जुळलाच नाही.

मुलीला घरी पाठवलं नव्हतं. तिची मावशी तिला भुसावळजवळ दीपनगरच्या वसाहतीत घेऊन गेली होती. काका वीज केंद्रात नोकरीला. पुरवणी जबाबासाठी मी स्वतः गेलो. हे काम फोनवर करण्यासारखं नव्हतं. तिचा घसा भाजलेला होता, बोलणं कुजबुजल्यासारखं यायचं. वडिलांचं नाव ऐकल्यावर ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं हाताच्या नखांकडे बघत एवढंच विचारलं,

‘‘त्या भाऊला मारत होते तेव्हा नाना तिथे होते?’’

मला खोटं बोलता आलं असतं. ‘‘होते,’’ मी म्हणालो.

तिनं पेन मागितलं आणि जबाबाखाली सही केली.

पुण्याची जागा गेली ती गेलीच. आम्ही अहवाल पाठवला, पण तोवर ती दुसऱ्या कुणाची झाली होती, आणि त्या दुसऱ्या मुलाचा काय गुन्हा? पुढच्या वर्षी तिनं परीक्षा दिली, पण पहिल्यासारखे गुण पडले नाहीत. दूरच्या एका गावी तिला प्रवेश मिळाला. नाना कोर्टात तारखेला येत, सगळ्यांत आधी येऊन बाकावर बसत, आणि मी दिसलो की एकच विचारत, ‘‘पोरनी काही निरोप दिधा का?’’ मी नाही म्हणत असे.

आता कॉलेजांत, महिला मंडळांत मला सायबर सुरक्षेवर बोलायला बोलावतात. मी सांगतो, दुसऱ्याच्या मशीनवर पासवर्ड सेव्ह करू नका. मास्टर पासवर्ड लावा, आणि उठताना ब्राउझर बंद करा, नाहीतर कुलूप लावून किल्ली दारालाच ठेवल्यासारखं होतं. हे सगळं खरं आहे. पण एकदा जामनेरला एका मुलीनं उभं राहून विचारलं, ‘‘सर, आणि घरच्यांपासून?’’ सभागृह हसलं. मला हसू आलं नाही.

त्या दिवशी दीपनगरला सही झाल्यावर मी मुलीला म्हटलं, आता तुझा पासवर्ड बदलून घे, माझ्यासमोरच. मावशीनं घरातला लॅपटॉप आणून दिला. मुलीनं बोटं कीबोर्डवर ठेवली आणि थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘साहेब, तिकडे बघा ना.’’ मी खिडकीकडे तोंड केलं. मग तिचा तो भाजलेला आवाज पुन्हा आला.

‘‘मावशी, तू पण.’’

तिच्या उशाशी रात्रंदिवस बसलेली ती बाई उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बटणं वाजली. ‘‘सेव्ह करायचा का, असं विचारतंय,’’ मुलगी म्हणाली. मी खिडकीकडे बघतच विचारलं, ‘‘मग काय दाबलंस?’’

‘‘कधीच नाही.’’