हारूबाईचा भात

लोणावळा स्टेशनाच्या मागं, लोको शेडकडं जाणाऱ्या वाटेवर शालूबाईची खानावळ होती. तिचं माहेर कान्ह्याचं, भातखाचरांतलं. तांदूळ किती पाण्यात चढवायचा आणि विस्तवावरून कधी मागं ओढायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवरा रखमाजी घाटाच्या इंजिनावर कोळसा मारायचा. १९१६ साली, लढाईच्या दिवसांत, तो मुंबईला जाऊन आगबोटीवर आगवाला म्हणून चढला. पदरी मूलबाळ नाही. शालूबाईनं त्याच्याच जोडीदारांना जेवू घालून चार वर्षं काढली. तिच्या आंबेमोहोराचं नाव एवढं झालं, की घाट चढून आलेले ड्रायव्हर तोंडावरची काजळी न धुताच पाटावर बसायचे.

रखमाजी परतला तो वाळून काटकी झालेला. शालूबाईनं त्याला सगळ्यांच्या आधी वाढलं. त्यानं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "अगदी हारूबाईच्या भातावानी."

शालूबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. पंगतीतल्या हौशीराम ड्रायव्हरनं विचारलं, ही हारूबाई कोण? मग रखमाजी सांगत सुटला. अमेरिकेत सियाटल नावाचं बंदर आहे. तिथं तो तापानं पडला, बोट त्याला इस्पितळात सोडून निघून गेली, आणि दुसरी बोट मिळेपर्यंत दीड महिना त्याला तिथंच काढावा लागला. बंदराजवळ हारू नावाच्या एका जपानी बाईचं इवलंसं हॉटेल होतं. लांब फळी, फळीपुढं सहा स्टुलं. निखाऱ्यावर भाजलेला मासा, आंबवलेल्या कडधान्याचं कढत कालवण आणि भात. भात असा, की दोन काड्यांनी उचलला तरी शीत खाली सांडायचं नाही. बाई वाडगा दोन्ही हातांनी पुढं करायची आणि रिकामा दिसू द्यायची नाही.

लोकांना गोष्ट आवडली. जेवायला येणारा जो तो विचारू लागला, "रखमाजी, हारूबाईनं आज काय वाढलं?" शालूबाई चुलीपुढं बसून सगळं ऐकायची. एकदा तिनं भाकरी थापता थापता, सहज विचारावं तसं विचारलं, बाईचं वय काय असेल? रखमाजी म्हणाला, तुझ्याच वयाची असेल. ती भाकरी करपली.

रूपाचं मात्र तिनं विचारलं नाही. उत्तराची धास्ती वाटत होती.

त्या आठवड्यात तिनं आंबेमोहोर बंद केला. बाजारातून जाडाभरडा तांदूळ आणला आणि पेज काढून असा फडफडीत शिजवला की शीत शिताला लागेना. आता कर म्हणावं त्या बाईच्या भाताशी बरोबरी. रखमाजी मुकाट जेवला, पण गिऱ्हाइकं कुरकुरली. दोघं-तिघं तर दुसऱ्या खानावळीत जाऊ लागली. कान्ह्याहून भाऊ नथू तांदळाचं पोतं घेऊन आला, तर तिनं ते परत न्यायला सांगितलं. नथूला काही कळेना. तांदळात काय खोट निघाली, म्हणून तो विचारत राहिला. खोट तांदळात नव्हती, हे सांगायला तिला तोंड नव्हतं.

मग एका दुपारी, रखमाजी शेडमध्ये पुन्हा धरलेल्या कामावर गेलेला असताना, तिनं त्याची पत्र्याची पेटी उघडली. तळाला, धुवट फडक्यात गुंडाळलेल्या दोन लाकडी काड्या होत्या. किती वेळ ती त्या हातात धरून बसली. नंतर उठली आणि चुलीत घातल्या.

चार दिवसांनी रखमाजीनं पेटी उपसली. ती आपणहून म्हणाली, "म्या जाळल्या."

तो चिडला नाही. पेटी मिटून तिच्यावरच बसला. शालूबाईला वाटलं, आता काय ते ऐकावं लागणार. तिनं पदर खोचला.

"गिऱ्हाइकांला म्या समदं सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "इस्पितळातनं निघालो तवा अंगात ताप व्हता. तीन हाटेलात शिरलो. तिन्ही जागी माझं तोंड बघून बोटानं दार दावलं. चौथ्या जागी ही बाई. तिनं फडक्यानं स्टूल पुसलं अन् पुढं सारलं. बास, एवढंच."

 शालूबाईनं मनातलं विचारलं, "नवरा न्हवता तिला?"

"व्हता. लांब उत्तरंला, बोटीवर. ती रोज त्याच्या नावानं एक वाडगा भरून, झाकून ठेवायची. भुकेला ऱ्हाऊ नये म्हनून. म्या इचारलं, हे कुनाचं? तिनं समुद्राकडं हात केला. मला तुजी सय आली."

संशय तिथंच फिटला. पण जळजळ गेली नाही. उलट ती अशा जागी जाऊन बसली जिथून तिला काढता येईना. चार वर्षं रोज तीस-तीस माणसं जेवली आपल्या हातची. नवऱ्याच्या नावानं एक ताट झाकून ठेवायचं आपल्याला कधी सुचलं नाही. परक्या मुलखातल्या त्या बाईला सुचलं. ती बाई आपल्या नवऱ्याला हिसकावत नव्हती, ती आपल्यापेक्षा चांगली होती, आणि शालूबाईला हेच सोसत नव्हतं.

पुढच्या बाजारी तिनं नथूला निरोप धाडला. आंबेमोहोर पुन्हा शिजू लागला, गिऱ्हाइकं परतली. रखमाजीनं मात्र हारूबाईचं नाव काढणं सोडलं. कुणी छेडलं तर म्हणायचा, झालं आता जुनं.

वर्षं गेली. रखमाजी नोकरीतून उतरला, दम्यानं खंगला, आणि दारातल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलू लागला. १९४२ चा उन्हाळा असेल. जपानशी लढाई पेटली होती. जेवायला येणारा एक तारबाबू रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. त्यानं वाचलं, की अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत कोंडलं आहे. बायकापोरांसुद्धा.

रखमाजीनं ताट बाजूला सारलं.

शालूबाईनं ते पाहिलं आणि बावीस वर्षांनीही तिची ती जुनी जळजळ जागी झाली. गिऱ्हाइकं गेल्यावर ती त्याच्याजवळ येऊन बसली. जेवायचा आग्रह तिनं केला नाही. इतकी वर्षं जे टाळलं तेच तिनं विचारलं, "दिसायला कशी व्हती?"

रखमाजी पुष्कळ वेळ आठवत राहिला. "हात आठवत्यात," तो म्हणाला. "वाडगा धरल्यालं. तोंड न्हाई आठवत आता."

शालूबाईला बरं वाटलं. बरं वाटल्याची तिला लाज वाटली नाही. बाई कुठल्या छावणीत असेल, तिला पोटभर मिळत असेल का, हे तिच्या मनात आलं ते त्यानंतर, आणि ते तिनं रखमाजीला बोलून दाखवलं.  त्या दुपारी दोघंही जेवली नाहीत.