देणगीदाराची पहिली रांग

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावी माझी फ्रेंच रूममेट तिच्या देशातल्या खाजगी फाउंडेशनांवर थिसिस लिहीत होती. तिकडे श्रीमंतांनाही फाउंडेशन काढायला सरकारची परवानगी लागते, हे ऐकून मला हसूच आलं. दान करायला कसली आलीय परवानगी?

मग आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकांनी हॉलचा खर्च उचलला, आणि आम्हा विद्यार्थ्यांचं नाटक परस्पर कॅन्सल करून स्वतःच्या मुलीचा डान्स ठेवला. माझं डोकंच फिरलं. "काका, तुमचा हॉल तुम्हाला लखलाभ," असं सांगून आम्ही नाटक अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये केलं. चादरीचा पडदा रूममेटने धरला.

काकाही आले आणि सवयीने पहिल्या रांगेकडे वळले.

"काका, मागे बसा," मी म्हटलं. "इथे पुढे बसायला परवानगी लागते."