गोमाजीचं भिंग

वीर स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर गोमाजीला सुटे पैसे द्यायची मला भीती वाटते. नाणं हातात पडलं की तो खिशातून भिंग काढतो. ऊन चढलेलं, रिक्षात बाया-माणसं ताटकळलेली, आणि हा रुपयावर डोळा रोखून बसलेला.

दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहून त्याला कळलं, की टांकसाळीत चुकून बिघडलेलं नाणं शौकीन लोक मोठी किंमत देऊन घेतात. तेव्हापासून आमच्या नाते गावात कुणाचं नाणं सुखरूप नाही. "वर उठलेली रेघ टांकसाळीची, आत दबलेली माराची," हा त्याचा नियम. नियम खरा आहे, हेच तर दुखणं. माझ्या वडिलांचं नाणं मी तीस वर्षं दुर्मीळ म्हणून जपलं होतं. त्याला दाखवलं, तर त्यानं ते चारचौघांत परत केलं. म्हणाला, "गुरुजी, ह्याला कुणीतरी हातोडी घातलीय." मी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, पण असा शेरा कधी मारला नाही.

त्याच्याकडे स्वतःचं एक दोन रुपयांचं नाणं होतं, घरातल्या सुट्ट्या पैशांत सापडलेलं. त्याच्या अक्षरांवर दुसऱ्या नाण्याची उलटी अक्षरं उमटली होती. त्याला तो कुणाला हात लावू देईना, बायकोला, चंद्रभागालासुद्धा नाही. मी म्हटलं, "अरे, ही अक्षरं आत दबलीत." तर म्हणतो, "मोठ्या चुकीला बारका नियम लागत नाय, गुरुजी."

फेब्रुवारीत पुण्याचे एक नाणेसंग्राहक रायगड पाहायला वीरला उतरले. गोमाजीनं त्यांना गडाच्या पायथ्याला, पाचाडला न्यायच्या आधी घरी नेलं आणि मला मुद्दाम बोलावलं. "आज हे हो म्हणाले ना, तर मला नुसता रिक्षावाला कोण म्हणल?"

पाहुण्यांनी नाणं फिरवून पाहिलं. "टांकसाळीत असं झालं असतं, तर या बाजूला मूळचा छाप उमटलाच नसता. इथे तो आहे, फक्त दबलाय. कुणीतरी दुसरं नाणं ठेवून वरून ठोकलंय."

"कोण ठोकणार?" गोमाजीचा आवाज चढला.

चंद्रभागा चहा घेऊन आली होती. तिनं पाहुण्यांच्या तळहातावर पाहिलं, ट्रे खाली ठेवला आणि देवघरातल्या कुंकवाच्या डबीतून दुसरं नाणं आणलं.

"अवो, घर बांधलं तवा आपण जोडीनं चौकटीखाली एकावर एक ठेवलेली ही दोन. रामजी सुतारानं वरून घण घातला. औंदा चौकट बदलली तवा मीच धुवून ठेवली. त्यातलं एक गेलं, म्हणून नव्या चौकटीखाली काय घातलं नाय. माझा जीव टांगणीला, नि नाणं तुमच्या खिशात?"

पाहुण्यांनी एकावर एक नाणं ठेवून जरासं फिरवलं. अक्षरं अक्षरांत बसली.

गोमाजीनं दोन्ही नाणी तिच्या हातात दिली. पाचाडला पाहुण्यांनी भाडं दिलं, तेव्हा त्यानं सुटे पैसे न बघताच खिशात टाकले. मी मागेच बसलो होतो. मजा बघायलाच गेलो होतो, खोटं कशाला सांगू?

परतताना मी वडिलांचं नाणं पुढे केलं. "बघ रे परत एकदा."

त्यानं भिंग काढलं नाही. "चांगलं हाय, गुरुजी," म्हणाला.

दोन वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि काडीचंही बरं वाटलं नाही.