मात्सुमोतोची पेठ

सरिता ताकसांडे सिंगापूरला, वुडलँड्समध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. मूळची वर्ध्याची. तिचा नवरा, शिवदासभाऊ, हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत इंजिनिअर होते. जहाजांचे नकाशे तपासायचे. रविवारच्या बुद्धवंदनेला दोघं बरोबर यायची आणि वंदना झाल्यावर सगळ्यांना चहा द्यायचं काम सरिता आपणहून अंगावर घ्यायची. स्वतःसाठी तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तिच्या स्वयंपाकघरात एक जुनं कॅलेंडर होतं, कुण्या जपानी ग्राहकाने भाऊंना दिलेलं. वर्षं उलटली तरी नोव्हेंबरचं पान तिने भिंतीवरून उतरवलं नाही. त्यावर जपानमधल्या मात्सुमोतो नावाच्या गावाचं चित्र होतं. किल्ल्याच्या आसऱ्याने वसलेलं गाव, तिथली व्यापाऱ्यांची जुनी पेठ, कोठारांसारखी जाड भिंतींची दुकानं, पांढऱ्यावर काळी तिरकी जाळी. भाजी चिरताना ती त्याच्याकडे बघत राहायची.

भाऊंना डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. नजर हळूहळू आक्रसत जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी अचानक मात्सुमोतोची तिकिटं काढली. डोळे आहेत तोवर बघून घेऊ, एवढंच म्हणाले.

तिथे कडक थंडी होती. भाऊंनी सरिताचा हात धरला तो सोडलाच नाही. चारचौघांत ते असं कधी करत नसत. तिला संकोच वाटला आणि बरंही वाटलं. नदीकाठच्या गल्लीत दुकानांपुढे बेडकांचे पुतळे होते. ती एकेक दाखवत होती, ते हसून मान डोलावत होते. मग पूल ओलांडून दोघं जुन्या पेठेत शिरली. थोडं चालल्यावर भाऊ थांबले आणि त्यांनी बोट वर केलं.

"बघ, ती काळी जाळी. अगदी तुझ्या कॅलेंडरातल्यासारखी."

समोर भिंत दिसतच नव्हती. त्या दुकानाची डागडुजी चालू होती आणि छपरापासून जमिनीपर्यंत निळी ताडपत्री लावलेली होती.

सरिताला एकदम सगळं आठवलं. दाराला आपटणारा खांदा, मोबाइल कानाशी धरून ऐकलेले मेसेज, ताटात भात चाचपणारी बोटं. कमी दिसतंय हे तिला ठाऊक होतं. एवढं गेलंय हे नव्हतं.

"हो, तशीच आहे," ती म्हणाली.

पुढच्या दुकानात लाखेच्या वाट्या होत्या. दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंनी एक वाटी भाऊंच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ फिरवली आणि रंग कुठला म्हणून विचारलं. आता मात्र सरिताला खोटं बोलवेना.

"तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली.

"चार महिने झाले. उजेड तेवढा कळतो."

"मग आलो कशाला आपण?"

"सांगितलं असतं, तर तू आली नसतीस."

ती तिथेच रडली. बाईंना भाषा कळत नव्हती. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि आतून गरम चहा आणला. बाहेर आल्यावर सरिता म्हणाली, परत जाऊ. भाऊ ऐकेनात. तू बघ आणि मला सांग, म्हणाले. तिने प्रयत्न केला, पण लाकूड, पांढरं, काळं, यापलीकडे तिला शब्दच सुचेनात. पेठ अर्धी राहिली.

परतल्यावर भाऊंनी स्वतःच ऑफिसात सांगितलं. तोवर शेजारच्या टेबलावरचा प्रबोध त्यांना नकाशे वाचून दाखवत होता. नोकरी गेली, तिच्याबरोबर सिंगापुरात राहायचा पास रद्द झाला, महिन्याभरात निघायचं होतं. सामान बांधायला मी जात होते. एकदा सरिताने मला मोबाइलमधले फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत भाऊ छान हसताहेत, पण नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. काढताना आपल्या लक्षात कसं आलं नाही, हेच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

आता दोघं वर्ध्याला असतात. भाऊ घराबाहेर एकटे पडत नाहीत. परवा तिचा फोन आला तेव्हा मी विचारलं, मन थोडं शांत झालं का?

"राग जात नाही," ती म्हणाली. "त्यांच्यावर आहे की माझ्यावर, तेही कळत नाही."