कमठाण्याहून आलेली दाद

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या निर्णा गावच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. स्वतः अंगठा उठवणाऱ्या माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला बिदरच्या मिशन शाळेत घातलं, पुढे हैदराबादला धाडलं. त्या शिक्षणाची लाज राखून, घडलं तेवढंच लिहितो.

निजामी राजवटीतली गोष्ट. शाळेतले डेव्हिड मास्तर पियानो वाजवत. व्हायोलिन आणि विलायती नोटेशन मला त्यांनीच शिकवलं. निवृत्त होण्याआधी आपली एक तरी रेकॉर्ड निघावी, एवढीच त्यांची इच्छा. त्या उन्हाळ्यात कव्वालांची गाणी घ्यायला एक रेकॉर्ड कंपनी बिदरला आली. काम संपल्यावर कंपनीच्या साहेबांकडे मेणाची एकच कोरी तबकडी उरली, ती त्यांनी मास्तरांना देऊ केली.

मास्तरांनी निवडलेली रचना पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठी होती. चेलो आम्ही फक्त चित्रात पाहिलेला. म्हणून तो भाग मी लग्नाच्या बँडमधल्या रसूलचाचांच्या क्लॅरिओनेटसाठी लिहून काढला. सात मिनिटांची रचना सव्वातीन मिनिटांत बसवली.

अप्पा मुद्दाम निर्ण्याहून ऐकायला आले. प्रार्थनेच्या हॉलमध्ये साहेबांनी बोट ओठांवर ठेवलं, यंत्र सुरू झालं... आणि मिनिटभरात अप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले, “वा! वा रं वा!”

साहेबांनी सुई उचलली.

“अप्पा, गप बसायचं असतंय,” मी म्हणालो.

“कामून? मयताला आलाव का आपण? भजनात गप बसलं तर वाजवणाऱ्याला वाटतंय, आवडलं न्हाई.”

रसूलचाचा हळूच म्हणाले, “बात तो सही है.”

बिघडलेलं मेण वरून तासलं की तबकडी पुन्हा वापरता येते. पण एकदाच तासता येईल एवढीच तिची जाडी होती. ती तासताना साहेबांनी आणखी एक बजावलं – तबकडीवर मावायची नाही, रचना वीस सेकंदांनी कमी करा. मी मधला तुकडा काढला आणि तिथं आठ मात्रांचा सांधा नव्यानं लिहिला, सगळा माझा स्वतःचा.

त्याआधी अप्पांना बैलगाडीत बसवून तीन कोसांवर, कमठाण्याला आत्याकडे पाठवून दिलं होतं. ज्यांनी मला शाळेत घातलं त्यांनाच मी बाहेर काढलं, हे मला वाजवतानाही टोचत होतं.

दुपारी पुन्हा वाजवलं. हॉलमध्ये आम्ही तिघे आणि कानाला यंत्र लावलेले साहेब. चिटपाखरू नाही. साहेब म्हणाले, उत्तम.

मेण वाजवून पाहता येत नाही, पाहिलं की बिघडतं. त्यामुळे आम्ही ऐकली ती थेट कारखान्यातून आलेली रेकॉर्ड, चार महिन्यांनी. माझ्या आठ मात्रा आल्या, संपल्या, आणि ग्रामोफोनच्या भोंग्यातून अप्पांचा स्वच्छ आवाज आला – “व्हय... आता जमलं.”

मास्तरांची आयुष्यभराची इच्छा, आणि तीत माझे अप्पा! मास्तरांनी सुई मागे नेली. पुन्हा “व्हय... आता जमलं.” तिसऱ्यांदा ऐकून ते म्हणाले, “शिवा, आजपर्यंत किती साहेबांपुढे वाजवलं. बरोबर जागेवर दाद देणारा हाच पहिला.”

तासल्यावर जुना आवाज उरला असेल? पण सकाळी अप्पा म्हणाले होते, “वा वा”. आणि त्या आठ मात्रा तर तेव्हा लिहिलेल्याच नव्हत्या.

मी तडक कमठाण्याला गेलो. आत्याला विचारलं, त्या दुपारी अप्पा काय करत होते?

“जेवायलता की. गोडाची, गव्हाची हुग्गी केलती म्या. मधीच घास हातात धरून बसला, आन् म्हणला, व्हय, आता जमलं. मला वाटलं, माझ्या हुग्गीला म्हणायलाय. लई बरं वाटलं बघ.”

“मग हुग्गीलाच म्हणाले असतील.”

आत्या पदराआड हसली. “मागनं मी जेवाय बसले, तवा कळालं. गूळ घालायचाच राहिला व्हता.”

पुष्कळ विचार केला. भौतिकशास्त्राची पुस्तकं चाळली. उत्तर आजही नाही. शेवटी अप्पांनाच रेकॉर्ड ऐकवली. स्वतःचा आवाज आला तरी ते दचकले नाहीत. उलट माझ्याकडेच बघत राहिले.

“अप्पा, हे तुम्ही कसं काय बोललाव?”

“ते मला काय ठाव,” अप्पा म्हणाले. “पण जमलं न्हवतं व्हय रं?”