ताईंच्या कॉम्प्युटरची साफसफाई

आमच्या ह्यांचा हात म्हणून स्वस्थ राहत नाही. फ्रिजचे मेकॅनिक आहेत, बिघडलेलं दुरुस्त करण्यावरच आमचं पोट आहे, ते कबूल. पण नीट चाललेलंही उघडून बघायची खोड. अहो, चालतंय ना, मग चालू द्या की! ऐकतील तर शपथ.

घरात माझी नणंद आहे, ह्यांची थोरली बहीण. मीही त्यांना ताईच म्हणते. मेंदूत रक्तस्राव झाला आणि मानेखालचं अंग गेलं, वाचाही गेली. राहिले ते डोळे. त्यांच्यासमोर एक कॉम्प्युटर असतो. पडद्यावरच्या एकेका अक्षरावर ताई नजर रोखतात, खालचा कॅमेरा ती ओळखतो आणि वाक्य जुळलं की मशीन मोठ्याने बोलतं. सुरुवातीला एक वाक्य होईपर्यंत चहा गार व्हायचा. पण मशीन त्यांचं बोलणं शिकत गेलं. नुसतं 'हा' बघितलं की ते पुढचं सुचवायचं, "हा चहा आहे की गरम पाणी?" ताई मूळच्याच फटकळ. माझं एक वाक्य होईतो त्यांची दोन तयार असायची. भांडणात मी कधी जिंकले असेन तर देवाला ठाऊक.

मशीन बसवून देणाऱ्या केंद्रातल्या बाईंनी बजावलं होतं, याला इंटरनेट लावू नका, ऐन बोलण्याच्या मध्ये ते स्वतःच अपडेट व्हायला बसेल. म्हणून ते कायम जगापासून तोडलेलं. जे काही होतं ते त्या एका डब्यातच.

हल्ली ते अडखळायला लागलं होतं. सिस्टीम जुनी झाली, अशी पाटी पडद्यावर येऊन बसायची. झालं, ह्यांचा हात शिवशिवायला लागला. दुकानदाराला विचारलं, शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, मला विचारलं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. पेनड्राइव्हवर नवी सिस्टीम आली. ताईंना व्यायाम द्यायला बाई येतात, तेवढ्या वेळात हे मशीन घेऊन बसले.

मध्येच पडद्यावर प्रश्न आला, जुनं ठेवायचं की सगळं पुसून कोरं करायचं? आता फ्रिजच्या धंद्यात शिकवण अशी, की नवा गॅस भरण्याआधी पाइपातलं जुनं सगळं पंपाने ओढून काढायचं, जरासुद्धा ठेवायचं नाही, नाहीतर कॉम्प्रेसर बसलाच. ह्यांनी क्षणाचाही विचार न करता पुसून टाकलं. मग केंद्राने दिलेला बोलण्याचा प्रोग्राम पुन्हा भरला आणि वर मला सांगतात, "बघ आता कसं पळतंय!"

पळत होतं, खोटं कशाला बोलू? ताईंना समोर बसवलं. त्यांनी 'हा' बघितलं. मशीनने सुचवलं, हात, हार, हाक. ताईंनी पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. मग त्यांनी नजर उचलली आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांची पाचावर धारण बसली.

"थोडं बिघडलंय गं ताई, उद्यापर्यंत होईल," असं म्हणून बाहेर पळाले.

केंद्रात गेले, हातापाया पडले. तिथल्या माणसाने सांगितलं की पुसून त्यावर नवं भरलंय, आता काही मिळायचं नाही. हे परत आले ते ताईंच्या खोलीवरून चपला हातात घेऊन गेले. ताटावर बसले, पण ताट तसंच सरकवलं. एवढा थोराड माणूस, भिंतीकडे तोंड करून म्हणतो, "मी तिची जीभ कापली गं." हात दाखवून अवलक्षण, असं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. मीही घड्याच घालत बसले होते ना! एवढंच म्हटलं, "जा आणि सांगा. त्यांना वाटतंय उद्या होणार."

गेले. सगळं सांगितलं, गॅसचंसुद्धा. "ताई, तुझं सगळं बोलणं मी पुसलं. चुकलो गं मी." रडले.

ताईंनी पडद्याकडे नजर वळवली. एकेक अक्षर शोधत राहिल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते रडण्याचं की ताणाचं, मला कळलं नाही. मी पुसत होते. हे खाली मान घालून उभे. शेवटी मशीन बोललं,

"मला विचारायचं होतंस. तेव्हा मला बोलता येत होतं."

 

आता मशीन नव्याने शिकतंय, आणि पहिलं शिकलं ते हेच. ताईंना पाणी हवं असो, कूस बदलायची असो, सुरुवात 'मला'ने होणार. 'मला' म्हटलं की मशीन आधी सुचवतं, विचारायचं होतंस. ताई ते ओलांडून पुढे जातात. हे तिथेच असतात, दर वेळी वाचतात. शिकलेलं एखादं वाक्य मशीनमधून काढून टाकता येतं, एक बटण आहे. मी म्हटलं, मग काढा की, किती दिवस स्वतःला जाळणार? ह्या वेळी मात्र ते आधी ताईंसमोर जाऊन बसले.

"ताई, ते वाक्य काढू का गं?"

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"नको," मशीन म्हणालं.